सामुराईंची सात वर्षं

स्मरणिका समितीचा निरोप आला, "शाळा सोडल्यावर काय काय केलंस ते लिही." नोकरीबद्दल लिहायचं तर संगणकासमोर बसून वीस-बावीस वर्षं काढली, एवढ्यात ते संपतं. त्याऐवजी ज्या गोष्टीत मी सलग सात वर्षं महिन्यातले दोन रविवार घातले, तिच्याबद्दल लिहिते. २०१६ ते २०२३ या काळात मी सामुराईंच्या एका काल्पनिक साम्राज्यावरचा खेळ चालवला. खेळ काल्पनिक असला तरी तो चालवताना मला जपानचा खरा इतिहास वाचावा लागला, आणि शेवटी आपलाही. म्हणून हा लेख इतिहासाचा आहे. आपल्या इतिहासाच्या बाई तो वाचणार आहेत, तेव्हा सनावळ्या तपासूनच घातल्या आहेत.

आधी खेळ कसा असतो ते सांगते, कारण 'गेम' म्हटलं की मोबाइल डोळ्यांसमोर येतो. याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: पाऊस कोसळतोय, नदीला पूर आलाय, नावाडी पलीकडे जायला तयार नाही. मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते सांगतो. जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासे टाकायचे. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. पुढच्या वेळी गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. अशी वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट म्हणजे मोहीम. इंग्रजीतही यासाठी लष्करातलाच शब्द वापरतात, आणि त्याला कारण आहे.

या खेळाचं मूळ शोधत मागे गेलं तर आपण आपल्याच अंगणात येतो. भारतातलं चतुरंग इराणमार्गे युरोपात गेलं आणि बुद्धिबळ झालं. जर्मनीत १७८० साली हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर डोंगर, नद्या, तोफखाना आणला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने पटाऐवजी नकाशा घेतला आणि एक मोठा बदल केला. दोन खेळाडूंच्या मध्ये त्याने पंच बसवला. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देत. शत्रू कुठे आहे, कोणाला काय दिसतं, हल्ल्याचं काय झालं, हे पंच फासे टाकून आणि तक्ते बघून सांगत असे. आजचा सूत्रधार या पंचाचाच वंशज. १८७० च्या दशकात फर्डी दु व्हर्नोआ या अधिकाऱ्याने तक्ते बरेचसे बाजूला सारले आणि अनुभवी पंचाने स्वतःच्या अकलेने निकाल द्यावा असं सुचवलं. नियम की विवेक, हा या खेळातला वाद तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९६९ साली डेव्हिड वेस्ली या हौशी खेळाडूने सैन्याच्या तुकड्यांऐवजी एकेका माणसाची भूमिका वाटून दिली: हा नगराध्यक्ष, हा विद्यार्थी, हा क्रांतिकारक. त्याचा मित्र डेव्ह आर्नेसनने ती कल्पना किल्ले आणि राक्षसांच्या जगात नेली. १९७४ मध्ये आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपात काढला. पहिली छपाई हजार प्रतींची होती.

सामुराई या खेळांत लवकरच आले. १९७९ साली 'बुशिदो' नावाचा खेळ निघाला, तो जुन्या जपानवर बेतलेला होता. १९८५ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीने 'ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स' हे जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पात्राच्या ताकदीसारखे त्याच्या अब्रूचेही गुण मोजले जात. त्यात चीन, जपान आणि बाकीचा पूर्व आशिया एकाच टोपलीत घातला होता, आणि त्यावर पुढे बरीच टीकाही झाली. आम्ही खेळलो तो खेळ त्यानंतरचा, 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज'. १९९५ मध्ये तो पत्त्यांचा खेळ म्हणून आला आणि १९९७ मध्ये पात्रांचा खेळ म्हणून. नाव घेतलंय मियामोतो मुसाशी या तलवारबाजाच्या ग्रंथावरून. मुसाशीने आयुष्याच्या शेवटी, १६४५ च्या सुमारास, पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य अशा पाच भागांत आपली युद्धविद्या लिहून ठेवली. आपल्याला पंचमहाभूतं ठाऊक असल्याने हे समजायला पुस्तक उघडावं लागत नाही. ही कल्पना बौद्ध धर्माबरोबर भारतातूनच तिकडे गेली.

या खेळातल्या साम्राज्याचं नाव रोकुगान. त्यात सात मोठी कुळं. खेकडा कुळ दक्षिणेच्या भिंतीवर राक्षसांशी झुंजतं, क्रौंच कुळ दरबार आणि कला सांभाळतं, सिंह कुळ सैन्य, विंचू कुळ कारस्थानं. बाकीची ड्रॅगन, फिनिक्स आणि युनिकॉर्न. मला आवडलेली गोष्ट अशी, की मूळ पत्त्यांच्या खेळात साम्राज्याची कथा स्पर्धांच्या निकालावर ठरत असे. मोठ्या स्पर्धेत जे कुळ जिंकेल त्याप्रमाणे कंपनी पुढचा इतिहास लिही. म्हणजे बखरकार आधी निकाल बघायचा आणि मग बखर लिहायचा. बखरी अशाही लिहिल्या जातात हे आपल्याला नवीन नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेत मुलं सामुराई होऊन खेळत होती, तेव्हा जपानमधली मुलं युरोपातले सरदार आणि एल्फ होऊन खेळत होती. १९८६ पासून 'कॉम्प्टिक' या जपानी मासिकात डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एक चालू खेळ संवादांच्या रूपात छापला जाऊ लागला. लोकांना तो इतका आवडला की त्यातून 'लोडोस बेटाच्या युद्धाची नोंद' ही कादंबरीमाला आणि पुढे अ‍ॅनिमेशन मालिका तयार झाली. दूरच्या देशाचा भूतकाळ खेळायला सोपा असतो, कारण त्याची बाकी आपल्या घरी वसूल व्हायची नसते. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचा पूर्ण अर्थ पुढे कळला.

आमच्या नियमपुस्तकात सामुराईचे सात गुण दिले आहेत: न्याय, धैर्य, करुणा, विनय, सचोटी, मान आणि निष्ठा. वाचताना वाटतं, हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी किल्ल्यात ही यादी कोरलेली असणार. मी तिचं मूळ शोधत गेले तेव्हा ती सापडली १९०० च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकात. लेखक नितोबे इनाझो. सामुराई घराण्यात १८६२ साली जन्मलेले, शेतीचं अर्थशास्त्र शिकलेले, ख्रिस्ती झालेले, अमेरिकन पत्नी असलेले गृहस्थ. पुढे ते राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले आणि जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर त्यांचं चित्रही आलं. एका बेल्जियन विद्वानाने त्यांना विचारलं होतं, की तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत तर मुलांना नीती कुठून कळते? त्याचं उत्तर शोधताना त्यांनी 'बुशिदो' लिहिलं. पाश्चात्त्य वाचकाला पटावं म्हणून त्यात युरोपातल्या सरदारांचे आणि तत्त्ववेत्त्यांचे दाखले पानोपानी आहेत.

तोपर्यंत सामुराई संपले होते. १८७१ मध्ये त्यांची संस्थानं खालसा झाली, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि त्यांचे तनखे सरकारी रोख्यांत बदलले गेले. म्हणजे सात गुणांची नीटनेटकी यादी तयार झाली ती यादी पाळणारी जमात उरली नव्हती तेव्हा. जुन्या काळी सामुराईंसाठी लिहिलेले उपदेशग्रंथ होते, पण ते एकमेकांशी भांडणारे होते. सगळ्यांनी पाठ केलेली एकच संहिता कधी नव्हती.

खरा सामुराई कसा जगत होता हेही बघितलं. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता आली आणि पुढच्या अडीचशे वर्षांत मोठी युद्धं फारशी झाली नाहीत. या काळात बहुतेक सामुराई किल्ल्याच्या गावात राहणारे कारकून होते. तलवारी दोन, पण काम हिशेबाचं. पगार तांदळात. त्याचं माप 'कोकु', म्हणजे सुमारे १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. तांदूळ विकून रोकड करायची, भाव पडला की कर्ज काढायचं, आणि छत्र्या बांधण्यासारखे जोडधंदे घरात लपून करायचे. बँकेत नोकरी करणारा आमचा एक खेळाडू हे ऐकून म्हणाला, "म्हणजे आपणच की!" त्या दिवसापासून आमच्या खेळात प्रत्येक पात्राला घरखर्च मांडावा लागला.

याच शांततेच्या काळात सामुराईंची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट घडली. १७०१ मध्ये असानो नागानोरी या सरदाराने एदोच्या किल्ल्यात किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उपसलं. किल्ल्यात शस्त्र काढणं हा गुन्हा. असानोला त्याच दिवशी आत्माहुतीचा हुकूम झाला, जहागीर जप्त झाली, किराला मात्र शिक्षा झाली नाही. पावणेदोन वर्षांनी, १७०३ च्या जानेवारीत, असानोच्या सत्तेचाळीस निराधार झालेल्या सामुराईंनी किराच्या वाड्यावर छापा घालून त्याला मारलं आणि त्याचं शिर धन्याच्या समाधीवर नेऊन ठेवलं.

ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगितली जाते. पण त्या वेळच्या विद्वानांत एकमत नव्हतं. ओग्यू सोराई यांचं म्हणणं असं, की यांनी धन्याचं ऋण फेडलं हे खरं, पण खाजगी न्याय सरकारी कायद्यावर चढला तर राज्य चालणार नाही. म्हणून मानाने मरण द्यावं. सातो नाओकाता यांनी तर विचारलं, की किरा यांचा वैरी होताच कसा? धन्याला शिक्षा सरकारने दिली, किराने नव्हे. आणि 'हागाकुरे' या ग्रंथातले यामामोतो त्सुनेतोमो उलट बाजूने चिडले: इतका वेळ थांबलातच का? तेवढ्यात किरा आजारपणाने मेला असता तर? शेवटी सेहेचाळीस जणांना आत्माहुतीची शिक्षा झाली, सत्तेचाळिसावा वाचला. पुढे यावर नाटकं झाली, त्यांतलं १७४८ चं सर्वांत गाजलं. नाटकात वाद उरला नाही, निष्ठा उरली.

हा वाद मी आमच्या टेबलावर जसाच्या तसा ठेवला. एक अख्खा रविवार त्यात गेला, फासे कुणी हातातही घेतले नाहीत. जपानी भाषेत या पेचासाठी दोन शब्द आहेत. 'गिरी' म्हणजे ज्याचं देणं आपल्यावर आहे त्याच्याशी असलेली बांधिलकी. (आपल्या दादागिरीतली गिरी वेगळी.) आणि 'निंजो' म्हणजे माणसाच्या मनाची ओढ, माया. चिकामात्सु मोन्झाएमोन या नाटककाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या माणसांवर नाटकं लिहिली, आणि त्यांत सामुराईंइतकेच दुकानातले नोकर आणि व्यापारीही आहेत. २०१८ साली आलेल्या आमच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पात्र तयार करतानाच हे दोन प्रश्न विचारतात: तुझं कर्तव्य काय, आणि तुझ्या मनात काय आहे? दोन्ही एकत्र बसणार नाहीत अशीच उत्तरं द्यायची असतात. आम्ही जुनी आवृत्ती सोडून नवीन घेतली ती यासाठी.

आमच्या मोहिमेत पाच खेळाडू होते: एक डॉक्टर, एक बँक अधिकारी, एक शाळेत शिकवणारी मैत्रीण आणि एक जोडपं, दोघंही माझ्याच क्षेत्रातले. पात्रं साम्राज्याच्या दंडाधिकाऱ्यांची होती, प्रांतोप्रांती फिरून गुन्ह्यांचा तपास करणारी. शिक्षिका मैत्रिणीचं पात्र क्रौंच कुळातली एक दंडाधिकारी, लहानपणी अनाथ झालेली, एका सरदाराने वाढवलेली.

लोक विचारतात की सात वर्षं एक गोष्ट लक्षात कशी ठेवलीस. मी एक स्प्रेडशीट ठेवली होती. तिच्यात लढायांचा रकाना नव्हता, देण्याचा होता. कुणी कुणाला जेवू घातलं, कुणी कुणाची लाज राखली, कुणी कुणाला न विचारता वाचवलं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि ते फिटलं की नाही. पहिल्या वर्षी चाळीसेक ओळी होत्या, शेवटी सहाशेच्या वर. मोहीम लांबली ती या रकान्यामुळे. दोन तासांच्या खेळात तलवार उपसून मोकळं होता येतं. सात वर्षांच्या खेळात ज्याला मारलं त्याची मुलगी मोठी होऊन समोर येते.

तिसऱ्या वर्षी मी एक प्रकरण मांडलं. कालव्यात एका कर-अधिकाऱ्याचं प्रेत सापडतं. रोकुगानच्या नियमांप्रमाणे सामुराईने प्रेताला हात लावायचा नाही, विटाळ होतो. प्रेत हलवायला गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं बोलवायची, चामडं कमावणारी. ती समाजाच्या उतरंडीत सर्वांत खाली, माणसात न धरलेली. शिवाय रोकुगानच्या कायद्यात पुराव्यापेक्षा साक्ष मोठी, आणि साक्षीत दर्जा मोठा. त्या वस्तीतल्या माणसाची साक्ष धरलीच जात नाही. नियमपुस्तकात हे सगळं पाऊण पानात येतं, वातावरण निर्माण व्हावं म्हणून. बाहेरच्या कुणा वाचकाला त्यात नवलाई वाटली असेल. आमच्या टेबलावर एकदम शांतता झाली.

बँकेतला मित्र थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या गावात मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या घराकडे होतं. आजोबांपर्यंत." मग म्हणाला, "त्यांना फासे टाकायला मिळाले नव्हते."

हा भाग गाळून टाकू का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला. गाळलं तर ती माणसं पुन्हा एकदा नाहीशीच होतील, असं त्याचं म्हणणं. त्याने आपलं सामुराईचं पात्र निवृत्त केलं आणि त्या वस्तीतली एक बाई मागून घेतली. नियमपुस्तकात पात्रं सामुराईंचीच असतात. तेव्हा तिचा कागद आम्ही दोघांनी बसून तयार केला. चामड्याची पारख, प्रेत बघून मरणाची वेळ सांगणं, मोठ्यांच्या नजरेत न येता उभं राहणं ही तिची कौशल्यं. डॉक्टर मैत्रिणीने त्यात भर घातली. मानाच्या रकान्यात काय आकडा लिहायचा यावर बराच वेळ गेला. शेवटी मित्राने तो रकाना रिकामा ठेवला.

यानंतर मी जपानच्या त्या इतिहासाकडे वळले जो खेळांत येत नाही. तोकुगावा काळात 'एता' आणि 'हिनिन' म्हणवल्या गेलेल्या लोकांच्या वस्त्या वेगळ्या होत्या. पहिल्या शब्दाच्या अक्षरांचा अर्थ 'फार विटाळ', दुसऱ्याचा 'माणूस नव्हे'. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, कातडी कमावणं, देहदंडाशी संबंधित कामं त्यांच्याकडे. सामुराईच्या चिलखताला चामडं लागे, खोगिराला लागे. ते कमावणारा मात्र शिवायचा नाही. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला. पण लग्न, नोकरी, घर यांत तो राहिला. १९२२ साली क्योतोमध्ये या समाजाने 'सुइहेइशा' ही आपली संघटना स्थापन केली, समतेसाठी स्वतः लढायचं म्हणून. तिच्या झेंड्यावर काट्यांचा मुकुट होता. आपल्याकडे चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पाच वर्षांचं अंतर. शाळेत आपण चवदार तळं शिकलो होतो, मार्कांपुरतं. जपानच्या वाटेने जाऊन मी तो धडा पुन्हा वाचला.

अकिरा कुरोसावाचा १९५४ चा 'सेव्हन सामुराई' आपल्यातल्या काहींनी पाहिला असेल. गावकरी लुटारूंपासून वाचायला सामुराई भाड्याने आणतात. त्यात शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेलं एक पात्र सामुराईंवर उसळतं: हे शेतकरी लबाड, भित्रे, चिवट झाले ते तुमच्यामुळेच. सात गुणांच्या यादीतून ही बाजू सुटलेली असते. यादी ज्याच्या घरात तयार होते त्याच्या घरातलंच ती सांगते.

ते प्रकरण आम्हाला आणखी साडेतीन वर्षं पुरलं. कालव्यातला खून झाला होता प्रांताच्या सरदाराच्या भावाकडून. हाच सरदार क्रौंच दंडाधिकारीचा पालनकर्ता. खून पाहणारी एकटी ती चामडेवाली बाई, आणि तिची साक्ष शून्य. शेवटच्या वर्षी दंडाधिकारीने दरबारात उभं राहून सांगितलं, "मी स्वतः पाहिलं." तिने पाहिलं नव्हतं. खरी गोष्ट खोट्या साक्षीवर सिद्ध झाली. न्याय आणि सचोटी हे यादीतले दोन गुण एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तिने एक निवडला.

सरदाराच्या भावाला शिक्षा झाली. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच घरावर उठली म्हणून दंडाधिकारीला मानाने मरणाचा हुकूम आला. माझ्या मनात तिच्यासाठी पळून जायची वाट होती, नावाडीसुद्धा तयार ठेवला होता. मैत्रिणीने ती नाकारली. तिचं कारण नीट ऐका: पळाली तर ती सामुराई राहत नाही. सामुराई राहिली नाही तर तिच्या साक्षीला किंमत राहत नाही, आणि तो भाऊ सुटतो. म्हणजे त्या बाईने पाहिलेलं सत्य कागदावर टिकायचं तर हिने जायला हवं. त्यावर बँकेतला मित्र उसळून म्हणाला, "आमचं खरं मानायला दर वेळी मोठ्या घरचं कुणी का मरायला लागतं?" याला टेबलावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. नियमपुस्तकात तर नव्हतंच.

त्या रविवारी फासे पडले नाहीत. दंडाधिकारी गेली. तिच्या देहाला हात लावायला सामुराई पुढे आले नाहीत, नियमच तसा. तिला न्हाऊ घातलं ते त्या बाईने. मग मित्राने विचारलं, "साम्राज्याच्या दप्तरात काय नोंद होईल?" मी लिहून दाखवलं: अमुक प्रांतात कर-अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल सरदाराच्या भावास शासन, साक्ष, क्रौंच कुळातील दंडाधिकारी. एवढीच ओळ. त्यात चामडेवालीचं नाव नाही. तो म्हणाला, "मग वस्तीत ही गोष्ट वेगळी सांगतील." आणि पुढचा तासभर त्याने ती तशी सांगितली, म्हातारी झालेली बाई नातवंडांना सांगतेय अशी. तिच्या गोष्टीत दंडाधिकारी चांगली होती, पण नायिका नव्हती. मोहीम तिथे संपली.

माझ्याकडे आता दोन नोंदी आहेत, दप्तराची एक ओळ आणि त्या म्हातारीची गोष्ट. दोन्ही एकाच घटनेच्या आणि दोन्ही आपापल्या परीने खऱ्या. नितोबेंची यादी, सत्तेचाळीस जणांचं नाटक, अमेरिकेतली नियमपुस्तकं यांतल्या प्रत्येकाने सामुराईंच्या इतिहासातून आपल्याला हवं ते उचललं. त्यात गैर काही नाही, गोष्टी अशाच बनतात. पण गोष्ट पुरेशी लांब चालवली, आणि टेबलावर निरनिराळ्या घरांतली माणसं असली, तर सुटलेली माणसं कधी ना कधी समोर येऊन बसतात. एकाच्या पुस्तकात जे वातावरण म्हणून येतं ते दुसऱ्याच्या घरात आजोबांपर्यंत घडलेलं असतं.

बाई, तुम्ही पेपर तपासताना समासात लाल शाईने लिहायचात, "हे कोणी लिहिलं आहे ते सांग." सामुराईंच्या बाबतीत ते सांगायला मला सात वर्षं लागली.

आणि मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर कार्यक्रमपत्रिकेत दोन तास मोकळे दिसताहेत. मी फासे घेऊन येते आहे. जास्तीत जास्त पाच जण, आधी नाव नोंदवेल त्याला जागा. कुळ कोणतं हवं ते आत्ताच ठरवून ठेवा. वस्तीतलं पात्र हवं असेल तर त्याचा कागदही तयार आहे.